चारशे बारावी लेव्हल

गेम डिझायनर म्हणजे नेमकं काय करतो, हे मला आजवर शे-दोनशे जणांनी विचारलंय आणि त्यातल्या एकालाही उत्तर ऐकायचं नव्हतं. गावाकडे वाटतं, हा दिवसभर मोबाईलवर खेळत बसतो. राहुरीला मुलगी बघायला गेलो होतो, तर तिच्या वडिलांनी विचारलं, "म्हणजे मोबाईल रिपेरिंग का?" मी हो म्हणालो. म्हटलं, चहा गरम आहे तोवर पिऊन घेऊ. लग्न जमलं नाही, ते सोडा.

नऊ वर्षं मी पुण्यात एका स्टुडिओत होतो. काचेची इमारत, आत लोळायला गाद्या, भिंतीवर 'आनंद घडवा' असं दोन फुटी अक्षरांत लिहिलेलं. आनंद कसला, बोडक्याचा! आम्ही 'मोतीमहाल' नावाचा गेम चालवायचो. एका रंगाचे तीन मोती जुळवले की ते फुटतात, ठरलेल्या चालींत ठरलेले मोती फोडले की लेव्हल सुटते आणि पुढची येते. झाला गेम. एवढ्यासाठी दीडशे माणसं कामाला. आमचे साहेब, सुनील सर, स्टेजवर गेले की खेळणाऱ्यांना 'आपलं कुटुंब' म्हणायचे आणि मीटिंगच्या खोलीत 'आकडा'. "अमृत, मंगळवारचा आकडा का पडला?" कुटुंब पडलं होतं, सर, तापाने फणफणलं होतं, असं सांगावंसं वाटायचं. सांगितलं कधी नाही.

माझं काम लेव्हल रचायचं. आणि दर साठ-सत्तर लेव्हलींनंतर एक भिंत घालायची. भिंत म्हणजे अशी लेव्हल, की आता सुटेल आता सुटेल असं वाटत राहतं आणि ती सुटत नाही. चारशे बारावी माझी. चोवीस निळे मोती, अठरा चाली. आतून मी निळ्या मोत्यांचं प्रमाण असं बसवलं होतं, की हातोडी विकत घेऊन आडवे आलेले मोती फोडल्याशिवाय कुणाचा बाप ती पार करणार नाही. खेळणाऱ्याला मात्र दर वेळी तेवीस मोती मिळायचे. एक राहिला, फक्त एक! असं वाटलं की माणूस परत खेळतो आणि कधीतरी वैतागून हातोडी घेतो. त्या लेव्हलबद्दल मला प्लास्टिकची ट्रॉफी मिळाली. मी दात काढून फोटोसुद्धा काढून घेतला.

असलं खेळतं कोण, तर रिकामटेकडे, हे माझं मत. डोकं खुंटीला टांगून बसलेली माणसं. कॅन्टीनमध्ये मी हे मोठ्याने सांगायचो आणि सगळे हसायचे. तरी चुलत बहिणीच्या लग्नाला देवळाली प्रवऱ्याला आलो, तेव्हा मांडवात बसल्या बसल्या अकरा बायकांच्या मोबाईलमध्ये मीच तो गेम घालून दिला. "माझा आहे," म्हणालो. कुणी विचारलं नव्हतं. नवरीकडे बघायचं सोडून बायका माझ्याकडे बघत होत्या, ते बरं वाटलं.

राजीनामा मी सुनील सरांच्या तोंडावर फेकला, असं मी सगळ्यांना सांगतो. खरी गोष्ट अशी, की एका शुक्रवारी सकाळी चाळीस जणांची कार्डं दारावर चालेनाशी झाली आणि त्यात माझंही होतं. वॉचमन म्हणाला, "साहेब, बाजूला व्हा, मागे लाईन लागलीय."

मग मी स्वतंत्र झालो. पुण्यात स्वतंत्र गेम बनवणाऱ्यांची एक टोळी आहे. महिन्यातून एकदा भेटतात आणि एका कॉफीवर चार तास काढतात. एकाचा गेम एका दुःखी ढगावर होता, सात वर्षं झाली तरी ढगाचं दुःख संपत नव्हतं. दुसरा म्हणाला, "मी खेळाडूला काहीच करू देत नाही, तेच माझं विधान आहे." घाल तुझं विधान चुलीत! पण मीही तिथे दाढी वाढवून दोन वर्षं बसलो. बंगळुरूच्या एका स्पर्धेत 'विशेष उल्लेख' मिळाला. विशेष उल्लेख म्हणजे बक्षीस नाही, पण तुम्ही आलात हे आम्ही पाहिलं. शेवटी गाशा गुंडाळला आणि देवळालीला काकूकडे आलो.

काकू म्हणजे राहीबाई, माझी चुलती. आई गेली तेव्हा मी सहा वर्षांचा होतो, तेव्हापासून तिनेच वाढवलं. काका वारल्यापासून तीन एकर ऊस-कांदा ती एकटी बघते. कालव्याला आवर्तन सुटलं आणि आपली पाळी आली, की फावडं खांद्यावर टाकून दारं धरायला स्वतः जाते. दारं धरायचं म्हणजे पाटाचं पाणी एका सरीत सोडायचं, सरी भरत आली की माती ओढून तिचं तोंड बंद करायचं आणि पुढच्या सरीचं फोडायचं. जरा उशीर झाला की बांध फुटतो आणि आपलं पाणी शेजाऱ्याच्या रानात. लहानपणी बांधावर बसून मी तासन् तास ते बघायचो. काकूच्या हातून बांध फुटलेला मला आठवत नाही.

त्यावरच मी माझा गेम केला. नाव 'दारं'. बोटाने माती ओढायची, बोटाने फोडायची. विकत घ्यायला आत काही नाही. वरच्या खोलीत, लाईट असेल तेव्हा, चौदा महिने खपलो आणि पहिल्यांदा आयुष्यात कुणाच्या खिशात हात न घालणारी वस्तू केली. मला तिचा अभिमान होता. अजून आहे.

नेदरलँड्सच्या एका प्रकाशक बाईंना तो आवडला. त्यांची मेल आली: गेम सुरेख, पण शेतात खरोखर पाणी भरणारी 'खरी बाई' तो खेळतानाचा व्हिडिओ सोमवारपर्यंत पाठवा, मग करार करू. खरी बाई म्हणे! इकडे काय आम्ही मेणाच्या बायका उभ्या करून ऊस भिजवतो? मी त्या बाईंच्या सात पिढ्यांचा उद्धार केला आणि पाच मिनिटांत होकार कळवला.

शुक्रवारी सकाळी काकूला म्हणालो, "काकू, माझा गेम जरा खेळून दाखव. मी शूटिंग करतो."

काकू चुलीपुढे भाकरी थापत होती. "खेळते की. पर आदी माजा चारशे बारा सोडव."

मी म्हणालो, "काय?"

"मोतीमहाल रं! तुजाच न्हाई का त्यो? तीन म्हैनं झालं, चारशे बाराला अडकलिया मी. रोज पाच जीव जात्यात. येकच निळा मोती ऱ्हातो बघ. कदी दोन न्हाई, कदी तीन न्हाई, येकच! लई जवळ येतंय, पर मलाच जमंना."

पाच जीव म्हणजे दिवसाच्या पाच संधी. संपले की थांबायचं, नाहीतर मैत्रिणीकडून मागून घ्यायचे. मी म्हणालो, "सोडून दे ना काकू. फालतू गेम आहे."

"फालतू कसा? हसीना म्हनत हुती, ह्यात कायतरी लबाडी आसंल. म्या तिला बोलले, आमच्या अमृतनं केलाय, त्यो कशाला लबाडी करंल? आपल्यालाच अक्कल पायजे." तिने भाकरी उलटली. "समद्या बायांना सांगितलंय, अमृतला सवड झाली की दावंल."

हसायला यायला हवं होतं. आलं नाही. सांगून टाकावं असं वाटलं, अगदी जिभेवर आलं होतं. पण सुनील सरांनी मला काय समजावं, त्या ढगवाल्याने काय समजावं, ह्याची मला कधीच पडली नव्हती. काकूची पडली होती. सबंध जगात ही एकच बाई मला हुशारही समजत होती आणि सरळही, आणि मला ते दोन्ही हवं होतं. वर सोमवारचा व्हिडिओ हवा होता.

ती धार काढायला गोठ्यात गेली तेव्हा मी तिचा मोबाईल घेतला. तो मीच दिवाळीला घेऊन दिला होता, त्यात माझंच कार्ड जोडलेलं. हातोड्या विकत घेतल्या. दोन मिनिटांत लेव्हल सुटली. पडद्यावर फुलं उधळली, नगारे वाजले. ते नगारेही मीच निवडले होते.

"काकू, सुटली बघ!"

दुधाचे हात तसेच घेऊन ती धावत आली. "आगं बया! सुटली? खरंच सुटली?" तिने मोबाईलकडे बघितलं आणि मग माझ्याकडे, आणि कोपरांनीच माझ्या तोंडावरून दृष्ट काढल्यासारखं केलं, कारण हात भरलेले होते. "माजं पोरगं हाय ते!" तिच्या डोळ्यांत पाणी आलं. एका लेव्हलसाठी! मला तिची कीव आली, आणि खूप लाज वाटली, दोन्ही एकदम.

"आता माझा गेम खेळ," मी म्हणालो.

"उद्या. आदी बायांना दाव कसं सोडवायचं ते. उद्या दुपारी समद्या कांदा निवडायला यायच्यात."

मी हजार सबबी सांगितल्या. डोकं दुखतंय म्हणालो, काम आहे म्हणालो. काकूने एकही ऐकली नाही.

शनिवारी दुपारी शेडमध्ये आठ बायका कांद्याच्या ढिगाभोवती बसल्या होत्या. माझ्यासाठी एक क्रेट उलटं घालून ठेवलं होतं, त्यावर पोतं. हसीनाभाभी म्हणजे आमच्या शेजारच्या, दहावीला शाळेत पहिल्या आलेल्या, बोलायला फटकळ. त्याही चारशे बारावर अडकल्या होत्या. त्यांनी हात पुसून मोबाईल माझ्या हातात दिला.

"घ्या भाऊ. राहीमावशी म्हनत्यात दोन मिंटात काढली. आमच्याम्होरं काढा."

हातोडी घ्यायची सोय त्यांच्या मोबाईलवर नव्हती, आणि असती तरी आठ जणी डोळ्यांत तेल घालून बघत होत्या. मी खेळलो. निदान मी तरी हे रचलंय, काहीतरी फट काढीन, असं मला वाटलं होतं. एवढा मी स्वतःला शहाणा समजायचो. पहिला जीव गेला. एक निळा मोती राहिला.

"अर्रर्र!" आठही जणी हळहळल्या. "येकच हुता की वं!"

दुसरा गेला, तिसरा गेला. पाचही गेले. दर वेळी एक मोती. मी शर्टाच्या बाहीने कपाळ पुसलं आणि म्हणालो, "जीव संपले. आता राहू दे."

"ऱ्हाऊ द्या कशाला? आमी देतो की," कोपऱ्यातली एक म्हणाली, आणि प्रत्येकीने कमरेचा मोबाईल काढला. "घे गं हसीना, माजा येक." "माजाबी घे." दुसऱ्याला जीव पाठवला की आपला कमी होतो, असं त्यांना वाटत होतं. होत नाही. गेम गावभर पसरावा म्हणून आम्ही ती फुकटची सोय ठेवलेली. पण ह्या बायका आपला कमी होतोय असं समजून देत होत्या, आणि ज्या दिवशी घेतला त्याच्या दुसऱ्या दिवशी उसनी साखर परत करावी तसा परत करत होत्या. तीन महिने. सुनील सरांना हे कळलं असतं तर त्यांनी टाळ्या वाजवल्या असत्या.

सात जीव आले. मी सातही घालवले. सुरुवातीला त्या हसत होत्या, "मालकालाच जमंना की!" म्हणत होत्या. मग हसणं थांबलं. नुसता कांद्यांचा आवाज येत होता.

"भाऊ," हसीनाभाभी म्हणाल्या, "तुमचाबी येकच ऱ्हातोय. बारा डाव झालं. दर डावाला येकच. आसं कसं वं?"

काकू उठली. "अमृत, जरा पान्याच्या हौदाकडं ये."

हौदाशी गेल्यावर ती माझ्याकडे न बघता हात धुऊ लागली. "माज्या मोबाईलवर कसं सुटलं?"

"हातोड्या विकत घेतल्या."

"आन त्याबिगर?"

"सुटत नाही."

"कुनालाच?"

"कुणालाच नाही."

"तुला ठावं हुतं व्हय?"

"मीच तसं केलंय, काकू."

तिने नळ बंद केला. मी घाईघाईने बोलत सुटलो, नोकरी होती, वरून सांगायचे, सगळ्याच कंपन्या करतात, मी नसतं केलं तर दुसऱ्याने केलं असतं. माझं मलाच किळसवाणं वाटत होतं, पण तोंड थांबत नव्हतं.

"येक मोती मागत हुते मी रोज," काकू म्हणाली. "आन त्यो तू मुठीत धरून बसला हुतास." पदराला हात पुसत ती शेडकडे परत निघाली.

मी मागोमाग गेलो. आता ती सगळ्यांसमोर माझी लाज काढणार, हे मला ठाऊक होतं. खरं सांगतो, काढावी असंच वाटत होतं. चार शिव्या बसल्या असत्या, हसीनाभाभींनी तोंड सोडलं असतं, आणि मी मान खाली घालून ऐकून घेतलं असतं. मोकळा झालो असतो.

"काय गं मावशे, काय म्हनले भाऊ?" हसीनाभाभींनी विचारलं.

"काय म्हननार?" काकू ढिगापाशी बसली आणि कांदा उचलला. "सुटतीया की. काल माज्या डोळ्यांम्होरं सोडवली न्हाई का त्यानं? तुमी समद्या उरावर बसल्या, पोराचं ध्यान उडालं." मग म्हणाली, "सोडा गं त्यो खेळ. आपल्या डोक्याचं काम न्हाई ते. आपुन अडानी बाया."

"व्हय बाई," हसीनाभाभी म्हणाल्या. "म्या आपली उगाच लबाडी म्हनत हुते. माजं डोकंच चालंना झालंय आताशा." त्यांनी मोबाईल कमरेला खोचला आणि कांदे निवडायला घेतले.

मी तिथेच उभा होतो. एका वाक्याचं काम होतं. 'भाभी, तुम्ही बरोबर होता.' चार शब्द. नऊ वर्षं सुनील सरांना आणि दोन वर्षं त्या कॉफीवाल्यांना मनातल्या मनात शिव्या घालणारा मी, तोंडाचा एवढा तिखट माणूस, माझ्याच्याने ते चार शब्द निघाले नाहीत. मी भरलेली एक गोणी उचलून कडेला लावली. बायका म्हणाल्या, "ऱ्हाऊ द्या भाऊ, कपडे खराब व्हतील."

व्हिडिओचं मी परत काढलंच नाही. रविवारी सकाळी काकू स्वतःच चांगलं लुगडं नेसून वरच्या खोलीत आली. "कुटं बसू? म्हनले हुते ना खेळते म्हनून." मी खिडकीच्या उजेडात खुर्ची ठेवली, कॅमेरा लावला आणि 'दारं' सुरू करून मोबाईल तिच्या हातात दिला.

पहिल्या सरीतच तिचा हात बसला. बोटाने माती अशी ओढली, की मी चौदा महिने जे करायला धडपडत होतो ते मला समोर दिसलं. पाणी भरत आलं, तिने तोंड बंद केलं, पुढचं फोडलं. दुसरी सरी भरली. तिसरी. प्रकाशक बाई बघतील तर वेड्या होतील, असं माझ्या मनात आलं आणि मी कॅमेरा जरा जवळ नेला. चौथ्या सरीला तिची नजर खिडकीबाहेर गेली. खाली कुणीतरी तिला हाक मारत होतं, पाटाला पाणी आलं होतं. एवढ्यात पडद्यावर बांध फुटला आणि पाणी शेजारच्या रानात गेलं.

काकूने परत खेळायला बोट लावलं नाही. वाहून जाणारं पाणी बघत बसली. मग मान वर केली. चेहऱ्यावर राग नव्हता, साधं विचारावं तसं तिने विचारलं.

"ही माजी चूक, का तुजी?"

"तुझी, काकू," मी म्हणालो. "खरंच तुझी. तू बाहेर बघितलंस, बंद करायला उशीर झाला. ह्यात मी काही केलेलं नाही. आईशप्पथ."

तिने मोबाईल माझ्या हातात दिला आणि उठली.

"आसंल," म्हणाली, आणि जिना उतरून दारं धरायला गेली.